आठवडा बाजाराची पावती फाडणाऱ्या ग्रामपंचायतींना खुलं पत्र

मालवण, देवगड, वेंगुर्ला तालुक्यातल्या ज्या ज्या गावात आठवडा बाजार भरतो तिथल्या सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक अशा सगळ्यांना नमस्कार.

मी बाजारपेठेत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवते, २०१३ पासून. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे निवडणुकीचे फ्लेक्स, घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिका, सातबाऱ्याच्या झेरॉक्स माझ्या दुकानातून गेल्यात. हे पत्र बाजारात चादरीवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या औषधाच्या पुड्यांबद्दल आहे. गावाचं आणि बाजाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे एका गावाचं नाहीये, आणि घरात एक माणूस आहे ज्यांना आपलं नाव चर्चेत यायला नकोय, ते म्हणजे माझे बाबा.

बाबांच्या तळहाताचा फोटो या पत्राला जोडायचा होता, ते नको म्हणाले म्हणून शब्दात सांगते. अंगठ्याच्या खालच्या गादीवर आणि बोटांच्या मुळाशी पिवळट कडक दाणे आहेत, काही तूरडाळीएवढे, काही मोहरीएवढे, किसणीवरून बोट फिरवावं तसं हाताला लागतं. बाबा चाळीस वर्षं रापणीला होते, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या मासेमारीच्या जाळ्यावर. ज्यांनी रापण ओढलीय त्यांना माहितीय दोर हाताचं काय करतो, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं हेच धरून चाललो की घट्टे आहेत. "दोराचे घट्टे ते, तेका काय होता," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. आई रात्री कोकमाचं तेल गरम करून चोळायची.

पण घट्टा असा नसतो हो. पावसाळ्यात रापण बंद असली की घट्टे मऊ पडतात, सालं निघतात. हे दाणे पावसाळ्यातही तसेच, आणि बाबांनी दोर धरणं सोडून पाच वर्षं झाली तरी तसेच, उलट वाढले. पायाच्या तळव्याला तर टाच आणि चवडा यांच्या मधला जो खोलगट भाग असतो ना, जिथे चालताना भार पडतच नाही, तिथेसुद्धा दाणे आले. दोर पायाच्या खोलग्यात कसा पोचेल हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. नंतर छाती-पाठ काळवंडली आणि त्या काळ्यावर पांढुरके बारीक ठिपके उठले, वळवाचे पहिले थेंब धुळीच्या रस्त्यावर पडतात तसे, फक्त रंग उलटे. हे मी माझ्या मनाचं लिहीत नाहीये, स्किनचे डॉक्टर लोक त्याला पावसाच्या थेंबांसारखे डागच म्हणतात, असं आम्हाला नंतर समजलं. पायांना मुंग्या यायच्या त्या वयाच्या खात्यात टाकल्या. पाठीवर एक रुपयाएवढा लालसर खपलीवाला चट्टा होता तो गजकर्ण म्हणून दोन वर्षं मलमं लावली, मेडिकलमधून आणून, एकदा डॉक्टरांनी लिहून दिलेलं पण, कमी काही झालं नाही.

२०२४ मध्ये त्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये बोवेन्स डिसीज आलं. म्हणजे त्वचेच्या वरच्याच थरात असलेला कॅन्सर, आत न उतरलेला. तो वेळेत कापून काढता आला हे आमचं नशीब, पण ज्या बाईंनी, स्किनच्या डॉक्टर, तो काढला त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता: पिण्याचं पाणी कुठलं?

त्यांचं कारण असं की असे हात बंगाल-बिहारकडे गंगेच्या पट्ट्यात बोअरवेलचं पाणी पिणाऱ्या लोकांत दिसतात, तिथे जमिनीतलंच आर्सेनिक नावाचं विष पाण्यात उतरतं. पश्चिम बंगालमध्ये १९८३ च्या आसपास असे पेशंट पहिल्यांदा उजेडात आले ते स्किनच्या डॉक्टरांमुळेच. आमच्या घरची विहीर आजोबांनी खणलेली, तेच पाणी आई पिते, मी पिते, शेजारची दोन घरं पितात, कोणाच्या हाताला काही नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, काका दम्याला काय घेता? बाबा गप्प. आणि मीही गप्प, कारण उत्तर मला माहीत होतं.

ती पुडी घरात मी आणली होती.

२०१४ च्या एका बाजाराच्या दिवशी एक माणूस दुकानात आला, त्याला हँडबिलं छापून हवी होती. मजकूर त्याने तोंडी सांगितला आणि मी टाइप केला, "दमा, संधिवात, मधुमेह, कोड मुळापासून बरा. १०० टक्के वनस्पती. साइड इफेक्ट नाही." अक्षरं मोठी कर म्हणाला म्हणून "१०० टक्के वनस्पती" मी लाल आणि ठळक केलं. एक हजार कॉपी. बाबा तेव्हा मागे बाकावर बसून खोकत होते, तो म्हणाला ताई ह्या सात पुड्या घ्या, पैसे नकोत, मधातून द्या. राखाडी पावडर, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, वास थोडा सुंठीसारखा. तिसऱ्या दिवशी बाबा रात्रभर झोपले. मग दर बाजाराला पुडी, जवळपास दहा वर्षं. मी मध्ये एक-दोनदा म्हटलं पण की किती वर्षं घेणार आता, तर "माका बरा वाटता मां, मगे कित्याक बंद करू?" आणि बरं वाटत होतं हे खरंच आहे, म्हणून तर हे इतकं अवघड आहे.

उरलेल्या पुड्या आम्ही मुंबईला एका खासगी लॅबमध्ये धातूंसाठी तपासायला दिल्या. वनस्पतीच्या औषधात आर्सेनिक किती चालतं तर ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात तीन. शिशाला १०, पाऱ्याला १, कॅडमियमला ०.३. बाबांच्या पुडीत आर्सेनिक त्या मर्यादेच्या कित्येक पट निघालं. त्यात वनस्पती होतीच, सुंठ होती, पिंपळी होती, आणि त्याबरोबर हे होतं.

हे आर्सेनिक म्हणजे परकं काहीतरी नाही, आपल्या जुन्या माणसांना नावं पाठ आहेत. सोमल म्हणजे आर्सेनिकच, हरताळ आणि मनशीळ ही त्याचीच गंधकाबरोबरची खनिजं, हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, नागभस्मातला नाग म्हणजे शिसं. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या औषधांच्या शास्त्रात, हे सगळं आहे आणि ते विषच आहे हे गृहीत धरूनच त्याचं शोधन, मारण, मात्रा, पथ्य असं सगळं लिहिलंय. १९४० च्या औषध कायद्याखालच्या नियमांना जोडलेली ई-१ नावाची एक यादी आहे, आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची, त्या यादीतलं काही औषधात असेल तर बाटलीवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असा इशारा छापावाच लागतो. म्हणजे बघा, आयुर्वेद पण सांगतो की हे विष आहे, कायदा पण सांगतो, फक्त वर्तमानपत्राचा कागद सांगत नाही.

मी आयुर्वेदाविरुद्ध लिहितेय असं कृपा करून कोणी पसरवू नका. आमच्या घरी अजून सर्दीला अडुळशाचा काढा होतो. शिकलेला, नोंदणी असलेला वैद्य नाडी बघून, बिलासकट, बंद डबीतलं औषध देतो त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. गावात पिढ्यानपिढ्या झाडपाला देणारी माणसं आहेत, डोळ्यासमोर पाला खुडून देतात, पैसे घेत नाहीत, त्यांच्याबद्दल तर अजिबात नाही. माझं म्हणणं ज्या पावडरीत काय आहे हे घेणाऱ्याला, विकणाऱ्याला, कोणालाच सांगता येत नाही तिच्याबद्दल आहे. आणि विकणारा कुठल्या जातीचा कुठल्या राज्यातला हा विषयही कोणी काढू नका, आपलेच लोक पण पुड्या विकतात आणि मे महिन्यात नि गणपतीला आलेले चाकरमानी दहा-दहा, पंधरा-पंधरा पुड्या मुंबईला घेऊन जातात.

आता हातालाच का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं कारण पोटात गेलेली गोष्ट हातावर कशी येते हे मला कळेना. आपली कातडी, केस, नखं ज्या केराटिनची बनलेली असतात त्यात गंधक भरपूर असतं आणि आर्सेनिक गंधकाला चिकटतं. लघवीतून ते काही दिवसात बाहेर पडतं पण केसात नखात कातडीत साठत राहतं. कोणाच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा येतात त्या त्यामुळेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे हळू चालतं, हातावर दाणे यायला काही वर्षं, कॅन्सर व्हायला दहा-वीस किंवा त्याहून जास्त, पुडी बंद केल्यावरसुद्धा. म्हणून कोणी पुडीवर संशय घेत नाही, ज्याने २०१४ ला पुडी घेतली त्याला २०२४ च्या चट्ट्याशी तिचा संबंध कसा कळणार?

हे काही नवीन शोधलेलं नाही आणि फक्त आपल्याकडचंही नाही. इंग्लंडमध्ये १७८६ साली फाउलर नावाच्या डॉक्टरने आर्सेनिकचं एक द्रावण काढलं, ते सोरायसिसला, दम्याला, तापाला शे-दीडशे वर्षं मोठमोठे डॉक्टर देत होते, त्याच पेशंटच्या तळहातावर असे दाणे आणि पुढे कॅन्सर होतो हे हचिन्सन या डॉक्टरने १८८७ च्या सुमाराला लिहून ठेवलं. सिंगापूरमध्ये १९७० च्या दशकात दम्याच्या चिनी गोळ्यांनी हेच झालं. अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या भारतीय दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली, २००४ साली त्याचा निकाल आला, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. तीही दुकानातली, लेबलवाली. आपल्या बाजारातल्या चादरीवरची कोण तपासतो?

आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला आहे, कलेक्टरला नाही, मंत्र्यांना नाही. आयुर्वेदिक औषध बनवायला लायसन्स लागतं पण नुसतं विकायला वेगळं लायसन्स लागत नाही, इंग्रजी औषधांच्या दुकानासारखं नाही ते. म्हणजे चादर टाकून बसलेल्या माणसाकडे विक्रीचा परवाना मागणारं कोणी नाही. औषध निरीक्षक संख्येने थोडे, ते प्रत्येक गावच्या प्रत्येक बाजाराला येणं शक्य नाही. पण एक माणूस प्रत्येक बाजाराला, प्रत्येक चादरीपाशी, न चुकता जातो. तुमचा पावती फाडणारा. ग्रामपंचायत कायद्याने बाजाराची फी घ्यायचा अधिकार तुम्हाला दिलाय, तुम्ही त्या वसुलीचा ठेका देता, ठेकेदाराचा माणूस पुस्तक घेऊन फिरतो. भाजीवाल्या काकीच्या काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का आहे का हे आपल्याकडे विचारलं जातं, मासळीवालीने प्लास्टिकची पिशवी दिली तर तिला दंड होतो, आणि दम्याची पुडी विकणाऱ्याला वीस रुपयांची पावती फाडून आपण बसायला जागा देतो. ती पावती त्याने एकदा माझ्याच दुकानात गिऱ्हाइकाला दाखवली होती, बघा म्हणे, ग्रामपंचायतीची परवानगी आहे. लोकांना पावती म्हणजे परवानगी वाटते.

तर मागणं एवढंच आहे की पावती फाडायच्या आधी पुडी हातात घेऊन बघा. बनवणाऱ्याचं नाव पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, आत काय काय घातलंय त्याची यादी, बनवल्याची आणि संपायची तारीख, हे सगळं आयुर्वेदिक औषधावर असायलाच हवं. नसेल तर त्या मालासाठी जागा नाही, पावती नाही. असेल तरी लेबलचा मोबाइलवर फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाला पाठवा, कारण लेबल छापणं किती सोपं आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार, चार रुपयात रंगीत लेबल निघतं आणि त्यावर कुठलाही नंबर टाकता येतो. प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५, तो बाजाराच्या फाट्यावर तुमच्या नळपाणी योजनेच्या बोर्डाशेजारी लावा, बोर्ड मी फुकट करून देते. आणि हँडबिलाचं पण, मधुमेह बरा करतो, कोड बरं करतो अशी जाहिरात करणं हाच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, मला २०१४ ला माहीत नव्हतं, आता आहे, आणि आता बाजारपेठेतल्या बाकी दोन प्रिंटिंगवाल्यांनाही मी सांगितलंय.

गोरं करणाऱ्या क्रीमच्या बिनानावाच्या डब्या पण त्याच चादरीवर असतात, त्यात पारा निघतो, पाऱ्याने रंग उजळतो कारण तो कातडीत रंग तयारच होऊ देत नाही, आणि मग तो किडनीला जातो. लग्न ठरलेल्या मुली घेतात त्या. त्यालाही हाच नियम लावा.

आशाताई आणि सिस्टर घरोघर जातात तेव्हा बीपी-शुगरचं विचारतात, त्याबरोबर एक प्रश्न वाढवा, दम्याला, सांध्याला, कातडीला बाजारातली पुडी घेता का आणि किती वर्षं. रागावून नका विचारू, रागावलं की माणूस नाही म्हणतो, बाबांनी तीन डॉक्टरांना नाही सांगितलं होतं. कोणी हो म्हणालं तर तळहात आणि पायाचा खोलगा बघायचा. पुडी फेकायची नाही, आहे त्या कागदासकट डॉक्टरकडे न्यायची, तपासायला तीच लागते. आणि पुडी बंद करायची ती त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन, कारण अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइडपण मिसळलेलं असतं आणि ते एकदम तुटलं तर माणूस जास्त आजारी पडतो.

आपल्याकडच्या लोकांसाठी अजून एक, हे कुठल्या शहरातल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. लघवीतलं आर्सेनिक तपासायचं असेल तर आधी चार-पाच दिवस मासे, कोळंबी, तिसरे, कुर्ल्या काही खायचं नाही. माशात एक वेगळ्या प्रकारचं आर्सेनिक असतं, ते त्रासदायक नाही, पण साध्या टेस्टला फरक कळत नाही आणि आकडा फुगतो. बाबांची पहिली टेस्ट अशीच वाया गेली, आदल्या दिवशी बांगड्याचं तिखलं झालं होतं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की पुडी बंद केली तर दम्याच्या माणसाने काय करायचं. बरोबर आहे, म्हणून तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात इनहेलर कायम शिल्लक आहे का हे पण ग्रामसभेत विचारा. आपल्याकडे पंपाची भीती फार, पंप लागला की सुटत नाही म्हणतात, बाबाही म्हणायचे. साध्या निळ्या पंपाच्या एका झोताला १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, ग्रॅमचा दहा हजारावा भाग, आणि त्यावर काय किती आहे ते छापलेलं असतं. बाबा आता रोजचा वेगळा पंप घेतात, चूळ भरतात, झोपतात. दर सहा महिन्यांनी अंग तपासून घेतात कारण हातावरचे दाणे गेले नाहीत, जाणारही नाहीत, आणि त्यातला कुठला कधी बिघडेल म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

तो माणूस अजून बाजारात बसतो. मी त्याच्याकडे रिपोर्ट घेऊन गेले होते, त्याने तो उलटा धरून बघितला आणि म्हणाला ताई मी पण हीच पुडी खातो, माझी आई पण खाते. मला वाटतं तो खरं बोलत होता. त्यालाही माल कुठूनतरी पोत्याने येतो, तो फक्त पुड्या बांधतो. मी त्याचे हात बघायला मागितले, त्याने दाखवले नाहीत.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा लेखी अर्ज मी आमच्या ग्रामपंचायतीत देतेय, बाकी गावांतल्या कोणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर दुकानात या, प्रिंटचे पैसे घेणार नाही. बाबांना मी विचारलं याल का म्हणून. दोन दिवस काही बोलले नाहीत, मग काल जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाले, "हात मी दाखवतंय, बोलूचा काम तुजा."

तुमच्या बाजारातली,
झेरॉक्सवाली